वडिलांचा मनोरा

१ एप्रिल १९७३, रविवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. शाळेतून निवृत्त होऊन दहा महिने झाले आणि तपासायला वह्या नाहीत. म्हणून आज उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या सूचनापत्रकातल्याच चुका लाल शाईनं काढून दिल्या. सात निघाल्या. एका पानात सात! पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड श्रीमंत उमाप, नगरकडचे, पस्तिशीचे. माणूस गोड आहे, पण ऱ्हस्वदीर्घाचं त्यांना काही देणंघेणं नाही.

त्यांनी हसून घेतलं आणि वचपा काढल्यासारखं काम गळ्यात घातलं. येत्या नोव्हेंबरात चर्चच्या मनोऱ्याला पन्नास वर्षं होतात. "रिबकाबाई, इतिहास तुम्हीच लिहायचा. तुमच्याशिवाय कुणाला काय माहीत आहे?" हे मात्र खरं बोलले. मनोरा माझ्या वडिलांनी बांधला. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

पहिलं वाक्य घरी येईपर्यंत तयार झालं: "हा मनोरा माझ्या वडिलांनी बांधला."

४ एप्रिल

पाळकसाहेबांकडून कोठीची किल्ली घेतली. सभेच्या जुन्या इतिवृत्तांना वाळवी लागली होती ती बासष्टातच जाळली म्हणे. जाळताना मला कुणी विचारलं नाही. असो.

जे डोळ्यांना दिसतं ते आधी लिहून काढते. सात रस्त्याकडून आलं की डावीकडे चिंचेच्या झाडामागे आपलं चर्च. मूळ इमारत स्कॉच साहेबांनी १८८४ साली बांधली. काळा दगड, सांध्यांत चुना, टोकदार कमानी, आत छताला सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. व्यासपीठ मधोमध, वेदी नाही, मूर्ती नाही, भिंतीवर एक वचन सोडून काही नाही. पाहुणे विचारतात, इतकं रिकामं का? आमची मंडळी मुळात प्रेस्बिटेरियन, आम्हाला नटवानटवी चालत नाही. बिशपही चालत नसे. मंडळीनं निवडलेले सात वडील सगळा कारभार बघत. तीन वर्षांपूर्वी निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा वडील गेले आणि कमिटी आली. नाव बदललं, बाकी तासन्‌तास बोलून चहा पिऊन उठणं तेच.

मनोरा नंतरचा, १९२३चा. चाळीस फूट, वर घंटा, खाली मोठं कमानीचं दार. सगळे त्या दारानंच आत जातात.

वडिलांचं मूळ नाव चनमल्लप्पा, बाप्तिस्म्यानंतर शिमोन. चुना मळायच्या घाणीवर कामाला होते. घरी आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. तिसरीत मी निबंध लिहिला होता: 'माझा अप्पा चुना मळतो.' जॉन मास्तरांनी हातावर दोन छड्या दिल्या. अप्पा हा शब्द निबंधात येत नाही. 'माझे वडील' असं लिहायचं. त्याच वर्षी मनोरा पुरा झाला. मी आईला विचारलं, मनोरा कुणी बांधला? आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "वडलांनी बांधला. जा, भाईर खेळ जा." आई घरात 'वडील' असं शुद्ध कधी म्हणत नसे, म्हणून ते अजून कानात आहे. मला वाटलं, मला छड्या बसल्या म्हणून तीसुद्धा शिकली.

इतका मोठा मनोरा बांधून वडिलांना त्याचा गर्व म्हणून नव्हता. जन्मभर ते मोठ्या दारानं आत गेले नाहीत. उत्तरेला बाजूचं बुटकं दार आहे, तिथनं वाकून यायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळे येशूच्या नावानं भाकरी वाटून घेतात त्या रविवारी तर बाहेर चिंचेखाली लोकांच्या चपला राखत बसायचे. अशी नम्रता आता बघायला मिळत नाही.

११ एप्रिल

आज इंजिनिअर हिंदुराव माने आले होते. त्यांची बायको माझी विद्यार्थिनी, हस्ताक्षर वळणदार पण गणितात कच्ची. पाळकसाहेबांनी त्यांना बोलावलं ते भेगेसाठी. मनोरा आणि चर्च यांच्या मध्ये भेग आहे, ती गेल्या वर्षीपासून रुंदावली आहे. आधी पोस्टकार्ड जायचं, आता माझी मूठ जाते.

मनोरा हलतो का हे कळावं म्हणून मान्यांनी पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या चारी कोपऱ्यांवरच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आज बघितलं तर तीन फुटल्या होत्या. वायव्येची, जुन्या भिंतीला लागून असलेली, तेवढी शाबूत. मी म्हटलं, बघा, तिथं वडिलांचा हात लागला असेल. माने हसले नाहीत.

म्हणाले, "बाई, हितली जमीन काळी आहे. दुष्काळात ती आकसली. अंगणातल्या भेगा बघितल्या नव्हं? आता पावसात फुगंल. मनोऱ्याचा पाया मुरमाला टेकला असंल तर लोखंडी पट्टे मारून वाचवू. पण काळ्यातच थांबला असंल तर मृगाआधी उतरवायला पायजे. न्हाईतर तो पडताना चर्चला घेऊन पडणार."

पाया किती खोल आहे, याची नोंद कुठं असेल? दोघेही माझ्याकडे बघायला लागले. बुंध्याशी खणून बघणं धोक्याचं, असं माने म्हणाले.

मी म्हटलं, शोधते. 

१३ एप्रिल

सापडली. सापडली नसती तर देव पावला असता.

कोठीच्या माळ्यावर, जुन्या गीतपुस्तकांखाली पत्र्याची पेटी. तिच्यात 'मनोरा: कामाची वही'. अक्षर जॉन मास्तरांचं, मी डोळे मिटून ओळखीन. रोज किती पाट्या चुना, किती दगड, कोण हजर, कोण गैरहजर. एकेक पान वाचत १९ जूनला आले. तिथं लिहिलंय:

"पाया आठ हात ठरला होता. वडिलांनी चार हातांवर थांबविला. मुरूम लागला नाही. काळी तशीच."

पुन्हा वाचलं. पुन्हा. वडिलांनी. जॉन मास्तर त्यांच्याहून लहान, आदरानं लिहिलं असणार. पुढच्या पानावर हजेरी आहे, तिथं चनमल्लप्पा या जुन्याच नावापुढे ओळीनं गैरहजेरीच्या आठ फुल्या, आणि नवव्या दिवशी नावच खोडलेलं. स्वतःच्या हातानं असं काम झाल्यावर माणूस कोणत्या तोंडानं कामावर येईल?

म्हणजे मोठ्या दारानं न जाणं, चिंचेखाली बसणं, ती नम्रता नव्हती. ती लाज होती. पस्तीस वर्षं मुलींना ज्या माणसाची गोष्ट सांगितली त्या माणसानं काम अर्ध्यावर सोडलं, आणि नंतर अठरा वर्षं दर रविवारी ते उभं आहे का बघत राहिला.

वही पदराखाली घालून घरी आणली. माझ्या पेटीत आहे, साड्यांच्या तळाशी.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर कमिटी बसली. माने म्हणाले, नोंद मिळाली नाही तर उतरवणं शहाणपणाचं. लोकांना ते नको होतं. पन्नास वर्षं ती घंटा ऐकलेली माणसं. सगळे माझ्याकडे वळले.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "पाया मुरमाला टेकला आहे. मला वडिलांनी स्वतः सांगितलंय."

हे मी म्हणाले. आवाज शाळेतला लागला होता, त्यामुळे कुणी शंका काढली नाही. म्हातारी अंबुबाई तेवढी मागून म्हणाली, "रिबका, खाली बस गं." तिला कमी ऐकू येतं, तिला वाटलं असेल उपासना चालू आहे. अंबुबाई ऐंशीची, पूर्वी घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. मी भाषणाला उभी राहिले की नेहमी हेच म्हणते.

ठरलं, लोखंडी पट्टे मारायचे. मान्यांनी मान हलवली, पण चेहरा पडला होता.

घरी येऊन जेवण गेलं नाही. चर्चमधून आणलेली झावळी दाराला लावायची राहिली.

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार

वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश. पाळकसाहेब पेत्राकडे वळले, त्या शिष्यानं येशूला तीनदा नाकारलं वगैरे. मी खिडकीकडे बघत बसले. मनोऱ्याची सावली बाकांवर येते, दरवर्षी येते. आज ती माझ्या मांडीवर होती आणि मी उठून जागा बदलली.

२२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

गेले. गायले. आले.

२९ एप्रिल

आजचं अक्षर कुणी तपासू नये.

उपासना सुटली. लोक मोठ्या दारातून बाहेर पडत होते. कमानीवरचा एक दगड, फार मोठा नव्हे, पाटीएवढा, सुटला. खाली अंबुबाई होती. डोक्यात बसला असता तर तिथंच संपली असती. खांद्यावर बसला. हाड मोडलं.

ती ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली आणि वर बघितलं. नंतर माझ्याकडे बघितलं. तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं. मी लोकांना बाजूच्या दारानं काढलं, चपला गोळा केल्या, पाणी शिंपडलं. काम सुचत होतं, त्यामुळे मी शांत आहे असं सगळ्यांना वाटलं.

तो दगड मी पाडला.

२ मे

दवाखान्यात गेले. संत्री नेली, जशी काही संत्र्यांनी हाडं जुळतात. अंबुबाईचा हात गळ्यात बांधलेला. मी तिच्या पायाशी बसून म्हटलं, अंबुबाई, माझं चुकलं.

ती म्हणाली, "तुझ्या अप्पानं सांगितलं हुतं. पडंल म्हणून सांगितलं हुतं. कुणी ऐकलं न्हाय."

मग ग्लानीत गेली. सिस्टरनं मला उठवलं.

वाटेत तेच डोक्यात. म्हणजे त्यांना माहीत होतं. पडणार हे माहीत असून चार हातांवर थांबवलं. मला वाटलं होतं चूक झाली असेल, अंदाज हुकला असेल. नाही, माहीत होतं. देवा, मी कुणाची मुलगी आहे?

३ मे

वही पाळकसाहेबांकडे दिली. पान उघडून दिलं. म्हटलं, वीस दिवस माझ्याकडे होती. मी खोटं बोलले. अंबुबाईचा खांदा माझ्यामुळे मोडला.

मला वाटत होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पान वाचलं, वही मिटली आणि विचारलं, "बाई, पाणी घेता?"

मी म्हटलं, कमिटीपुढे मी स्वतः सांगणार. तुम्ही सांगू नका, तुम्हाला नीट सांगता येणार नाही.

६ मे, रविवार

सांगितलं. उभी राहून. माझे वडील मुरूम लागायच्या आधी थांबले, आणि ते लपवण्यासाठी मी मंडळीशी खोटं बोलले.  माझ्याच हाताखाली शिकलेल्या चौघीजणी समोर, खाली मान घालून. पुढच्या रांगेतली एक रडायला लागली तेव्हा तिला रुमाल दे असंसुद्धा मला कुणाला सांगता येईना.

परवापासून मनोरा उतरवायचा. इतिहास लिहायचं काम माझ्याकडून काढून घ्या, असं मी म्हटलं. तेवढ्यावर मात्र पाळकसाहेब ठामपणे नाही म्हणाले. कशाला? त्या वाक्याचं आता मी काय करू?

१० मे

घंटा उतरली. आठ माणसं, दोर आणि कप्पी. जमिनीवर टेकताना एकदाच वाजली. सबंध गल्ली बाहेर आली.

काम गुरुसिद्धप्पा गवंड्यानं घेतलंय. सत्तरीला आलेला लिंगायत म्हातारा, मुलगे काम करतात आणि हा चिंचेखाली बसून कानडीत शिव्या देतो. मला बघून उठून उभा राहिला आणि हात जोडले. का जोडले कोण जाणे. मी घराकडे वळले. लोकांच्या आदराची आता भीती वाटते.

१५ मे

सध्या उठून तोंड धुणं हेच मोठं काम वाटतं. वडिलांचा एक फोटो आहे, मिशनच्या गटातला, अंगठ्याएवढा चेहरा. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. नंतर वाटलं हा पोरकटपणा झाला, पण सरळ केला नाही.

१९ मे

आज जे झालं ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे उद्या मला वाटणार नाही की स्वप्न पडलं.

गुरुसिद्धप्पानं निरोप पाठवला, बाईंना बोलवा. गेले. मनोरा आता छातीएवढा उरलाय. म्हातारा म्हणाला, "बाई, पाळकसाहेब म्हणत हुते, तुमी सभेत उबं ऱ्हाऊन बापाचं नाव घेतलं. पाया त्येनं थांबवला म्हणून."

"वहीत तसं लिहिलंय. वडिलांनी थांबवला."

"व्हय की. वडिलांनीच थांबवला." मग माझ्याकडे बघून त्याच्या लक्षात आलं. "अवो बाई, ते तुमचे वडील न्हवं. चर्चचे वडील. सात जण. लांब कोट घालून आले हुते, मी हितंच हुतो, इसाचा असंन. विलायतेचा मोठा साहेब नोव्हेंबरात येणार, त्याच्या हातनं उद्‌घाटन करायचं, म्हणून वडील म्हणले बास झालं, चार हात लई झाले. तुमचा अप्पा खड्ड्यात हुता. त्यो म्हणला, काळी हाय, मुरूम लागल्याबिगर मी चुना देणार न्हाय. पडंल एक दिस."

मी खाली बसले. चिंचेखाली, तिथंच, मातीत.

"मग वडील म्हणले, वर ये. हा येईना. जुन्या भितीच्या अंगाचा कोपरा धरला आन् एकलाच खणत बसला. आठ दिस. मी पाट्या वडायचो वर, माजं बी डोकं फिरल्यालंच. मुरूम लागला तवा चुना घातला, दगड बसवला, मगच वर आला. नवव्या दिशी वडिलांनी त्याचं नाव कापलं. वडिलांचा हुकूम मोडला म्हणून प्रभूच्या जेवणातनं बी काडलं."

"परत कधी घेतलं?"

"ते मला काय ठावं. मी कुटं तुमच्यातला? पर म्हणायचा, माफी माग म्हणत्यात आन् मी मागणार न्हाय."

घरी कशी आले आठवत नाही. सात वडील. लहानपणापासून तो शब्द त्या अर्थानं रोज कानावर पडत होता, आणि एका वाक्यात, आईच्या त्या एका वाक्यात, मी तो कधी तसा ऐकला नाही. आई वर बघत नव्हती ती रागानं.

२० मे

रात्र गेली आणि शंका आली. म्हातारा मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल तर? हात जोडणारी माणसं असंही बोलतात. कागदावर काय आहे? आठ फुल्या. फुल्या तर आळशाच्या नावापुढेही असतात.

मला विश्वास ठेवायचाय, म्हणूनच ठेवत नाही. एकदा ठेवून बघितलाय.

३१ मे

पाया उघडला. मान्यांनी मुद्दाम बोलावलं. उन्हात उभी राहिले, छत्री न घेता.

तीन कोपरे सारखे. चार हात दगड, आणि खाली काळी माती, इतकी आकसलेली की दगडाखाली पोकळी दिसत होती. मान्यांनी त्यात काठी घातली ती आत गेली.

चौथा कोपरा, वायव्येचा, जुन्या भिंतीला लागून. गुरुसिद्धप्पाच्या मुलांनी खणायला घेतलं. चार हात झाले, दगड चालूच. पाच. सहा. मुलगा आत दिसेनासा झाला, पाट्या दोरानं वर यायला लागल्या. गुरुसिद्धप्पा काठावर बसून होता, शिव्या बंद. आठ हातांवर आतून आवाज आला, "मुरूम!"

माने स्वतः उतरले. वर आले ते पांढरे होऊन. म्हणाले, "बाई, हा कोपरा खाली बसला असता तर मनोऱ्यानं जुनी भिंत कधीच ओढून घेतली असती. चर्च उभं आहे ते ह्या एका कोपऱ्यावर." चुन्याचा एक खडा त्यांनी माझ्या हातात दिला. नखानं ओरखडला, ओरखडा उठेना.

 घरी येऊन फोटो सरळ केला आणि मग रडले, हुंदके देऊन, शेजारची विचारायला आली तरी थांबता आलं नाही. वीस दिवस मी त्याला कामचुकार म्हणून पेटीत कोंडून ठेवला होता. भर सभेत नाव घालवलं. त्या सातांनी एकदा काढलं, मी दुसऱ्यांदा काढलं. आणि त्याच्या मनोऱ्यासाठी म्हणून भांडले तो मनोरा त्याचा नव्हताच, त्यानं तर असा उथळ होऊ नये म्हणून जीव टाकला होता.

३ जून, रविवार

मोठं दार आता नाही. तिथं पत्रे मारलेत. सगळी मंडळी उत्तरेच्या बुटक्या दारानं आत गेली. वाकावं लागतं. मान्यांचं डोकं आपटलं. कमिटीचे सहाच्या सहा वाकले. अंबुबाईला खुर्चीत घालून आणलं, तिला तेवढं वाकावं लागलं नाही. खुर्ची माझ्याजवळ थांबवायला लावून म्हणाली, "कळलं का तुला?" मी म्हटलं, कळलं. आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुझा अप्पाच म्हणला हुता, पोरीला सांगू नका, तिला त्या वडिलांच्याच शाळंत शिकायचंय."

आज प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी उभं राहून मंडळीला सगळं सांगितलं, बऱ्यापैकी नीट सांगितलं. भाकरीचं ताट शेवटच्या, अप्पाच्या बाकापर्यंत आलं. माझा तुकडा मी घेतला. बाजूची जागा रिकामी होती, तरी पाळकसाहेब ताट तिथं धरून क्षणभर थांबले, आणि मग पुढे गेले.

घरी आल्यावर इतिहासाची वही काढली. पहिलं वाक्य लाल शाईनं खोडलं. खाली नवीन लिहिलं. त्यात चूक आहे, जॉन मास्तरांनी छड्या दिल्या असत्या, मीही पस्तीस वर्षं प्रत्येकीचं हे वाक्य कापत आले. आज कापणार नाही.

"माझा अप्पा चुना मळायचा."